हाताने शिवलेली गोणी

११ मार्च २०१९, सोमवार

तीस वर्षं दाणा-वैरणीच्या दुकानात उभी राहिले. निवृत्त होऊन जरा टेकते न टेकते तोच सरकारने कोर्टात नेऊन बसवलं. ज्युरीच्या चिठ्ठ्यांत माझा नंबर निघाला. आता दोन आठवडे मी ग्लेनिस नाही, सात नंबर. नेव्हिल म्हणाला, "चाळीस वर्षं मी लॉटरीचं तिकीट घेतोय, मला कधी लागला नाही. आणि तुला बघ, फुकटात!"

न्यायाधीश बाई माझ्याहून लहान आहेत, पण दम असा देतात की मान आपोआप हलते. घरी कोणाशी बोलायचं नाही. इंटरनेटवर काही शोधायचं नाही. जागा पाहायला जायचं नाही. घरी काही करून पाहायचं नाही. साक्षीपुरावा कोर्टात समोर येईल तेवढाच. यातलं काही मोडलं तर दोन वर्षांपर्यंत तुरुंग. डायरीचं नाव त्यांनी घेतलं नाही आणि मीही विचारलं नाही. लिहिणं म्हणजे काही बोलणं नव्हे.

आरोपी डोरीन पॅस्को, वय सहासष्ट, विधवा. इथून साठ किलोमीटरवर कुत्र्यांचं पाळणाघर चालवते. लोक सुट्टीवर निघाले की तिच्याकडे कुत्री सोडतात. गेल्या ऑक्टोबरात पोलिसांनी तिच्या शेडची झडती घेतली. कुत्र्यांच्या खाण्याच्या वीस किलोच्या गोणीत आइसची पाच पाकिटं निघाली. आइस म्हणजे पोरांचे दात आणि डोकी खाणारं ते विष. गोणी आणली तिच्या भाच्याने, काईलने. त्याने गुन्हा कबूल केलाय आणि तो आत बसलाय. प्रश्न एवढाच आहे की मावशीला माहीत होतं का.

दिसायला साधी आहे बिचारी. पण साधं दिसायला काय लागतं?

१३ मार्च, बुधवार

आज पडद्यावर फोटो नंबर चौदा लावला. गोणीचं तोंड, जवळून. वकिलांना काय दिसलं असेल कोण जाणे, मी मात्र खुर्चीत सरळ झाले. कारखान्याची शिलाई साखळीची असते, एक टोक ओढलं की सगळी भर्रकन उसवते. ही शिलाई हाताची होती. दाभण घेऊन, पांढऱ्या दोऱ्याने, एक टाका लांब आणि एक आखूड. आमच्या दुकानात फाटलेल्या गोण्या मीच शिवायचे. असले टाके घातले असते तर मालकाने माझ्या हातून दाभण काढून घेतलं असतं.

घरी आले तर नेव्हिलने लग्नातला सूट काढून धुवायला दिलेला. म्हटलं, "कोण गेलं?" म्हणाला, "कोणी नाही. पडून होता म्हणून सहज." पुढे म्हणतो, "चोवीस तारखेला रविवार आहे, मोकळी आहेस ना?" म्हटलं, "बाबा रे, मी कधी मोकळी असायचं ते हल्ली सरकार ठरवतं." सुटाची पावती खिशात घालून निघून गेला. पुरुषांना कोर्टाचं गांभीर्य कळत नाही.

१४ मार्च, गुरुवार

डोरीन स्वतः पिंजऱ्यात उभी राहिली. राहायलाच हवं असं नव्हतं, तरी राहिली. काईल महिन्यातून एकदा सिडनीहून स्वस्तात गोण्या आणून द्यायचा. पूर्वी फार प्यायचा, म्हणून आपल्या घरात ती त्याला दारू आणू देत नसे. एवढं सगळं नीट सांगितलं. मग सरकारी वकील उठला.

"ही गोणी तुम्ही जमिनीवरून उचलून फळीवर ठेवलीत?"

"हो. खाली उंदीर लागतात."

"म्हणजे हातात घेतलीत. तोंडाचे टाके दिसले?"

"नाही."

"मिसेस पॅस्को, जन्म गेला तुमचा गोण्या फोडण्यात. असे टाके तुम्हाला दिसले नाहीत?"

"नाही म्हटलं ना."

हे ती स्वतःच्या हातांकडे बघत बोलली. गळ्यापासून कानापर्यंत लाल झाली होती. मी मनात म्हटलं, बाई, खोटं बोलायचंच तर निदान समोर बघून तरी बोल.

पण मघापासून माझंच मन खातंय. खरंच दिसले नसतील तर? जगातली प्रत्येक बाई काही माझ्यासारखी गोणीच्या तोंडाकडे बघत नसेल. उचलली आणि ठेवली, असंही होत असेल.

१५ मार्च, शुक्रवार

न्यायाधीश बाईंनी आज कायदा समजावला. मी वहीत उतरवून घेतला. कोर्टातली वही तिथेच ठेवावी लागते, म्हणून आठवेल तसं इथे लिहिते.

वस्तू घरात सापडली म्हणजे ताबा सिद्ध झाला असं नाही. वस्तू तिच्या कबज्यात होती हे हवं, आणि ती काय आहे हे तिला माहीत होतं हेही हवं. अगदी नक्की माहीत नसलं तरी ते मादक द्रव्य असण्याची खरीखुरी शक्यता तिच्या मनात आलेली असली पाहिजे. तिला संशय यायला हवा होता, एवढ्याने भागत नाही. दुसऱ्या एखादीने ओळखलं असतं, त्यानेही नाही. "प्रश्न या बाईच्या मनाचा आहे, तुमच्या नव्हे," असं म्हणताना त्यांनी आमच्यातल्या प्रत्येकाकडे पाहिलं. मन उघडून बघता येत नाही, म्हणून आजूबाजूच्या गोष्टींवरून अनुमान काढायचं. त्याच गोष्टींतून दुसरंही एखादं वाजवी अनुमान निघत असेल तर दोषी म्हणता येत नाही. आणि ती खोटं बोलली असं वाटलं तरी लगेच गुन्हेगार धरू नका, माणसं शेकडो कारणांनी खोटं बोलतात. हे शेवटचं जरा लांबलं. दुपारचे चार वाजले होते आणि माझी कंबर धरली होती.

खोलीत गेल्यावर आमचा म्होरक्या लायल म्हणाला, "एकदा हात वर करून बघू या." हा घरं विकतो, त्याला सगळं शुक्रवारच्या आत उरकायचं असतं. दहा जण दोषी म्हणाले. अलाना म्हणाली, "नाही." ही तिशीतली, ॲम्ब्युलन्सवर काम करते. मी म्हटलं, "मला अजून माहीत नाही."

"दुकानात आयुष्य गेलं म्हणता आणि माहीत नाही?" लायल हसला. मला ते लागलं.

सोमवारपर्यंत सुट्टी दिली. जाताना न्यायाधीश बाईंनी तोच दम पुन्हा दिला.

१६ मार्च, शनिवार

नेव्हिल सकाळी क्लबात बोल्स खेळायला गेला, हिरवळीवर जड, टणक गोळे घरंगळवायचा तो खेळ. मी शेडमध्ये गेले.

याला काही प्रयोग म्हणत नाहीत. इंटरनेटला मी हात लावला नाही, डोरीनच्या घराकडे फिरकले नाही. माझी शेड, माझी गोणी, माझं दाभण. पिठाची पाच पाकिटं काळ्या चिकटपट्टीत गुंडाळली, गोणीत मधोमध बसवली, वरून खाणं भरलं आणि तोंड शिवलं. टाके मुद्दाम गबाळे घातले, फोटोतल्यासारखे. घालताना हात शिवशिवत होता. मग गोणी जमिनीवर ठेवली, नवी गोणी नेव्हिल जिथून उचलून फळीवर ठेवतो तिथे, आणि वापरातली उघडी गोणी फळीवर.

आमच्या दोन्ही कुत्र्यांना खायला तोच घालतो. बघू, साध्या माणसाला दिसतं का. एका बाईच्या आयुष्याचा प्रश्न आहे, हवेत बार काढण्यापेक्षा खात्री केलेली बरी. यात कोर्टाचं काय गेलं? उलट कोर्टाचं कामच करतेय मी.

१७ मार्च, रविवार

दिसतं!

सकाळी साडेसातला मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होते. शेडचं दार सताड उघडं. नेव्हिलने गोणी फळीवर ठेवायला उचलली आणि थांबला. टाक्यांवरून अंगठा फिरवला. मग गोणीची कूस चाचपली, एकदा, दोनदा. आत काहीतरी टणक आहे हे त्याला कळलं, इतक्या लांबून मला दिसलं. मग त्याने घराकडे पाहिलं. मी पडद्याआड झाले. त्याने गोणी अगदी अलगद फळीच्या मागच्या बाजूला ठेवली, पुढे रिकामी बादली सरकवली आणि उघड्या गोणीतलं खाणं घेऊन निघाला. शीळ घालत!

जेवताना मी सहज विचारलं, "शेडमध्ये काही वेगळं दिसलं का रे?"

"शेडमध्ये? नाही बुवा."

"टाके वगैरे?"

"कसले टाके? तू कोबी घे अजून."

चाळीस वर्षं संसार केला या माणसाबरोबर आणि माझ्या तोंडावर खोटं बोलला. कानापर्यंत लाल झाला, डोरीनसारखाच. वर जेवणानंतर स्वतः उठून चहा केला. किती महिन्यांनी! लपवायचं असलं की माणूस असाच लाघवी होतो. खाई त्याला खवखवे.

काय समजला असेल तो, ते त्यालाच ठाऊक. मुद्दा तो नाही. मुद्दा हा की गोणी हातात घेतली की दिसतं, आणि दिसूनही जो नाही म्हणतो त्याच्या पोटात काहीतरी असतं. माझ्यापुरता निकाल लागला.

१८ मार्च, सोमवार

खोलीत मी म्हटलं, "दोषी. गोणी उचलली की टाके दिसतातच. मी तीस वर्षं गोण्या शिवल्यात." तीस वर्षं शिवल्यात हे खरंच आहे. कालचं सांगितलं नाही, सांगायची गरजच काय?

अलाना म्हणाली, "दिसले असं धरू. मग पुढे?"

"पुढे काय? ती खोटं बोलली."

"ग्लेनिस, पुढे तिला काय वाटलं असेल? भाचा पिणारा. घरात दारू आणायला बंदी. त्याने बाटल्या लपवल्यात असं वाटून तिने डोळेझाक केली असेल."

"बाटल्या आणि पाकिटं यातला फरक हाताला कळतो."

"तुझ्या हाताला कळतो. तू रोज चाचपायचीस."

"कोणाच्याही हाताला कळतो!" मी जरा ओरडलेच. सगळे माझ्याकडे बघायला लागले. लायल खूश. म्हणाला, "बघा, जाणकार माणूस बोलतंय." शुक्रवारी हाच मला हसला होता.

२० मार्च, बुधवार

अलाना हटत नाही, आणि निकालाला बाराही जणांचं एकमत लागतं. शेवटी तिच्या म्हणण्यावरून न्यायाधीश बाईंना चिठ्ठी पाठवली: गोणीत काहीतरी लपवलंय एवढं तिला कळलं असेल, पण काय ते कळलं नसेल, तर काय?

आम्हाला पुन्हा कोर्टात बसवून त्यांनी उत्तर वाचून दाखवलं. काहीतरी आहे एवढं कळणं पुरेसं नाही. ते मादक द्रव्य आहे, किंवा असण्याची खरी शक्यता आहे, हे तिच्या मनात होतं असं तुम्हाला निःसंशय वाटलं पाहिजे. खोट्याबद्दलही पुन्हा सांगितलं. माणूस भीतीने खोटं बोलतो, लाजेने बोलतो, कोणाला तरी सांभाळायला बोलतो.

खोलीत परत येताच मी अलानाला धरलं. "मला एक सांग. हाताने शिवलेली गोणी, आत टणक पाकिटं, आणि विचारल्यावर 'नाही'. माणसाच्या मनात दुसरं काय येणार? एक गोष्ट सांग. पटण्यासारखी."

तिने आपली वही पुढे-मागे चाळली. म्हणाली, "मला सुचत नाहीये. पण मला सुचत नाही म्हणजे नसेलच असं नाही ना?"

"परवा तू बाटल्या म्हणालीस, ते कोणालाच पटलं नाही."

"तुला इतकी खात्री कुठून आली, ग्लेनिस? शुक्रवारी नव्हती."

शेडमधलं सांगून टाकणार होते. गिळलं. म्हटलं, "झोपून उठलं की डोकं साफ होतं."

२१ मार्च, गुरुवार

दुपारी सव्वादोनला अलानाने हात टेकले. डोळे पुसत म्हणाली, "तुम्हा अकरा जणांना दिसतंय ते मलाच दिसत नाहीये बहुतेक. आणि ग्लेनिसला गोण्यांतलं कळतं."

लायल उभा राहून म्हणाला, "दोषी." डोरीनने वकिलाकडे पाहिलं, आपल्याला नीट ऐकू आलं नसावं तसं. सरकारी वकिलाने तिला आजच आत ठेवायची मागणी केली आणि ती मान्य झाली. शिक्षा मे महिन्यात ठरणार. शिपाई जवळ आला तेव्हा ती त्याला म्हणाली, "अहो, घरी अकरा कुत्री आहेत. लोकांची आहेत ती. संध्याकाळी त्यांना खायला कोण घालणार?" त्याने पायऱ्यांकडे हात केला. मग ती पायऱ्या उतरून गेली.

न्यायाधीश बाईंनी आमचे आभार मानले. मी कर्तव्य केलं. तसंच वाटायला हवं.

२२ मार्च, शुक्रवार

काही नाही. दिवसभर झोपले. नेव्हिल केस कापून आला आणि आरशासमोर उभा राहून स्वतःलाच हसत होता. त्याच्याशी बोलायची इच्छा होत नाही. अकरा कुत्र्यांचं काय झालं असेल?

२४ मार्च, रविवार

काय झालं ते लिहूनच ठेवते.

सकाळी खाली आले तर स्वयंपाकघरात नेव्हिल सूट घालून उभा. टेबलावर ती गोणी, तिच्या मानेला लाल फीत. म्हणाला, "चाळीस वर्षं झाली, म्हातारे! हा तुझा मान," आणि डबी पुढे केली. लाल खड्यांचे कानातले. चोवीस मार्च, आमच्या लग्नाचा दिवस. मी साफ विसरले होते.

"आता माझं," म्हणाला. त्याने कात्री आणूनच ठेवली होती. "आठवडाभर कसा दम धरलाय मलाच माहीत."

मी म्हटलं, "नेव्ह, थांब." पण त्याने टाके कापलेसुद्धा. खाणं बाजूला सारलं आणि काळ्या चिकटपट्टीचं पाकीट बाहेर काढलं. मग दुसरं. एकाची पट्टी सोलली. पीठ सांडलं सुटावर.

"पीठ?" अजून हसतच होता. "आत आहेत का? बोल्स?"

"कसले बोल्स?"

"अगं नवे बोल्स. माझे चिरलेत ना, क्लबात तुझ्यासमोर किती वेळा कुरकुरलो. टणक लागलं हाताला, म्हटलं डब्यासकट घातलेत. टाके बघितले तेव्हाच ओळखलं. दुकानात तीस वर्षं पाहिलेत तुझे टाके. यावेळी गबाळे घातलेस, मला कळू नये म्हणून असतील."

"मग मी विचारलं तेव्हा नाही का म्हणालास?"

"घ्या! मग काय, तुझी मजा घालवू?"

मी खुर्चीत बसले. त्याने पाहिलं होतं. चाचपलं होतं. लपवून ठेवलं होतं आणि माझ्या तोंडावर खोटं बोलला होता. मी खिडकीतून पाहिलेलं सगळं खरं होतं, आणि गोणीत काय आहे याचा त्याला पत्ताच नव्हता. आठवडाभर तो शीळ घालत होता, कारण त्याला वाटत होतं की बायकोने आठवण ठेवली.

अलानाला मी विचारलं होतं, माणसाच्या मनात दुसरं काय येणार. ते माझ्या घरात चहा करत होतं.

मी रडले. नेव्हिलला आधी वाटलं, भेट विसरले म्हणून रडतेय. "जाऊ दे गं, पिठाचा केक कर," म्हणाला. मग मी त्याला सगळं सांगितलं. खोलीतलं बाहेर बोलणं हाही गुन्हाच आहे. आता गुन्हे मोजण्यात अर्थ नाही.

त्याने सुटावरचं पीठ झटकलं. म्हणाला, "दोन वर्षं म्हणाले होते ना?"

"दोन वर्षांपर्यंत."

"कोणाला कळणार नाही, ग्लेन. मला माहीत आहे आणि तुला."

"हो," मी म्हटलं. "तेच तर."

२५ मार्च, सोमवार

कोर्टाच्या बाहेरच्या बाकावर बसून लिहितेय. नेव्हिल शेजारी आहे. आज साध्या कपड्यात.

खिडकीमागच्या माणसाने विचारलं, "काय काम आहे?" म्हटलं, "पॅस्को खटल्यातली सात नंबरची ज्युरर. घरी प्रयोग केला आणि त्याच्यावर मत दिलं. मत दुसऱ्याच्याही गळी उतरवलं." त्याने लिहायचं थांबवलं. हळूच म्हणाला, "बाई, आधी एखादा वकील गाठा. असं सांगितलंत तर सगळं तुमच्यावरच येईल."

"माहीत आहे मला."

"पुरावा काही?"

मी ही वही दाखवली. तो म्हणाला, चौकशी अधिकारी अकराला येतील, तोवर बसा.

नेव्हिलने विचारलं, "आणि तिला खरंच माहीत असलं तर? काईलच्या धंद्यात ती खरंच असली तर? तू फुकट आत जाशील."

रात्रभर मीही तोच विचार केला. असेलही माहीत. डोरीन पॅस्को पक्की बेरकी असेल, किंवा दारूच्या बाटल्या समजून भाच्याची अब्रू झाकत असेल, किंवा तिलाही वाटलं असेल की काईलने तिच्यासाठी काहीतरी आणलंय. तिचा आज आतला पाचवा दिवस.

"मला माहीत नाही, नेव्ह," मी म्हटलं. "गुरुवारी मी एवढंच म्हणायला हवं होतं. तेवढं पुरलं असतं."

अधिकारी आले. मला बोलावतायत.